सर्व्हिसला उघडलेला डीजी (डिझेल जनरेटर) आपोआप का सुरू होतो?

"साहेब, डीजी बंदच होता, तरी आपोआप सुरू झाला." वीस-बावीस वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. कधी बेल्ट बदलताना, कधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करताना, कधी नुसती रेडिएटरची जाळी झाडताना. बहुतेक वेळा थोडक्यात निभावतं, म्हणून कोणी लिहून ठेवत नाही आणि पुढच्या सर्व्हिसला तीच गोष्ट पुन्हा होते. म्हणून एकदा सगळं मांडतो. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते एमआयडीसीत, हॉस्पिटलांत, सोसायट्यांत दिसणारे ६२.५ ते ५०० केव्हीएचे, एएमएफ पॅनल (लाइट गेली की सेट आपोआप सुरू करणारं पॅनल) असलेले डिझेल सेट.

आधी माझ्यावरच आलेला प्रसंग. भोसरीतला एक कारखाना, १२५ केव्हीएचा सेट, बी चेक (ऑइल बदलायची ठरावीक सर्व्हिस), वार गुरुवार. त्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा खरा कामाचा वार तोच. पॅनल मॅन्युअलवर घेऊन इंजिन पाच-सात मिनिटं चालवलं, ऑइल गरम केलं, बंद केलं आणि सवयीने सिलेक्टर पुन्हा ऑटोवर टाकला. मीच टाकला. ड्रेन प्लग काढला, खाली ट्रे सरकवला, काळी धार सुरू झाली. तोवर हेल्परने फॅनचं गार्ड उतरवलं आणि बेल्टवर अंगठा दाबून ताण बघायला लागला. नवा बेल्ट गाडीतच राहिला होता, म्हणून हातातलं फडकं पुलीवर टाकून तो उठला. अकरा-सव्वाअकराच्या सुमारास शेडमधला पंखा हळू होत थांबला. लाइट गेली. हे डोक्यात शिरायच्या आत पॅनलमधला रिले खटकला, सेल्फ (स्टार्टर मोटर) लागला आणि इंजिन उचललं.

इमर्जन्सीचं लाल बटण दाबेपर्यंत सहा-सात सेकंद गेले असतील. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला पंचवीस फेरे. पुलीभोवती फडकं असं काही आवळलं होतं की ब्लेडने कापून काढावं लागलं, आणि मी कापत असताना हेल्पर नवा बेल्ट हातात घेऊन नुसता उभा होता. ऑइल निथळलेलं इंजिन चाललं ते वेगळंच. लो ऑइल प्रेशरचं संरक्षण होतं की, असं कोणी म्हणेल. होतं. पण स्टार्टनंतर प्रेशर चढायला वेळ लागतो म्हणून कंट्रोलर पहिले काही सेकंद, साधारण दहा, त्या सेन्सरकडे बघतच नाही. रिकामा संप, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, त्याला तेवढा वेळ दिसत नाही.

आता गंमत बघा. महावितरणही फीडरच्या देखभालीचे शटडाऊन त्या भागात गुरुवारीच घेते, कारण कारखाने बंद असतात. म्हणजे आपण ज्या वारी इंजिन उघडून बसतो, त्याच वारी लाइट जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, तर झाडांच्या फांद्या तोडायला आणखी शटडाऊन. याला योगायोग म्हणता येत नाही. डीजी बंद नव्हता, नुसता उभा होता, आणि लाइट जायची वाट बघत होता. ते तर त्याचं कामच आहे.

स्टार्ट कोण देतं?

"आपोआप" असं काही नसतं. कोणीतरी हुकूम दिलेला असतो, तो आपल्याला दिसत नाही इतकंच. एएमएफ सेटला हुकूम देणारे बरेच जण असतात.

पहिला अर्थातच मेन्स फेल, म्हणजे बाहेरून येणारी लाइट जाणं. त्यासाठी लाइट पूर्ण जावीच लागते असं नाही. एक फेज गेला, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेखाली आलं, तरी कंट्रोलर मेन्स गेली असंच धरतो. दुसरा रिमोट स्टार्ट. चेंजओव्हर पॅनलमधून किंवा इमारतीच्या बीएमएसमधून (सगळी यंत्रणा सांभाळणाऱ्या संगणकातून) आलेली दोन वायरींची जोडी, कधी कोणी टाकली ते आता कुणालाच आठवत नाही. तिसरा, आठवड्याची टेस्ट. कंट्रोलरमध्ये वार-वेळ भरलेली असते आणि भरणारा नोकरी सोडून गेलेला असतो. चौथा मोबाइलवरचा: मॉडेम लावलेल्या सेटला मुख्य ऑफिसातला माणूस स्टार्ट देऊ शकतो आणि इथे कव्हर उघडं आहे हे त्याला कळायचं कारणच नाही.

पाचवा फार कमी लोकांना माहीत असतो. काही कंट्रोलरमध्ये बॅटरीचं व्होल्टेज पडलं की इंजिन सुरू करून ती चार्ज करायची सोय असते. आपण काळजी म्हणून आधी चार्जरचा एमसीबी पाडतो, बॅटरी जुनी असते, व्होल्टेज घसरतं, आणि आपल्या काळजीनेच इंजिन सुरू होतं. म्हणून चार्जर बंद करायच्या आधी मोड स्टॉपवर गेलेला हवा. क्रम उलटा चालत नाही.

तेव्हा पहिली पायरी स्टॉप मोड. मॅन्युअल नव्हे. मॅन्युअलवर बहुतेक कंट्रोलर लाइट गेल्यावर स्वतःहून सुरू करत नाहीत, पण हिरवं बटण जिवंत असतं, आणि पॅनल पुसणाऱ्याचं कोपरसुद्धा त्यावर लागू शकतं.

पण स्टॉप मोडही शेवटी सॉफ्टवेअरचा शब्द. त्याच्या भरवशावर बोटं बेल्टमध्ये घालायची नाहीत.

इमर्जन्सी दाबून ठेवली तर?

पुष्कळ जण इथेच थांबतात. लाल बटण दाबलं की झालं. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते फिरवलं की सुटतं, आणि ते कोणीही फिरवतं. दुसरी अडचण वायरिंगची. नीट केलेल्या पॅनलमध्ये फ्यूएल सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) आणि सेल्फ या दोन्ही आउटपुटचा प्लस इमर्जन्सीच्या बटणातून आलेला असतो, त्यामुळे बटण दाबलं की दोन्हीकडचा पुरवठाच तुटतो. जुन्या किंवा कुणी मधे हात घातलेल्या पॅनलमध्ये ते बटण कंट्रोलरला नुसती खबर देतं. मग मधला सेल्फ रिले चिकटलेला असेल, तर कंट्रोलर "थांब" म्हणत राहतो आणि सेल्फ फिरत राहतो.

हे तपासायचं कसं? सेट शाबूत असताना, सगळी गार्ड जागेवर असताना, मॅन्युअलवर स्टार्ट द्या आणि क्रँक होत असतानाच बटण दाबा. सेल्फ तत्क्षणी सुटला पाहिजे. एका सेकंदाने सुटला तरी मला तो नापास. आणि सेल्फच्या स्वतःच्या सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळून चिकटले असतील, तर वायरिंग कितीही चांगलं असो, बटणाचा काही उपयोग नाही, कारण ती जाड केबल बॅटरीवरून थेट सेल्फवर गेलेली असते. ती तोडायची एकच जागा: बॅटरी.

काळी केबल आधी

इंजिनाची बॉडी मायनसला जोडलेली असते. म्हणून काढताना काळी आधी, जोडताना काळी शेवटी. कारण सोपं आहे. लाल टर्मिनलवर पाना असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं आणि काळी जोडलेली असेल, तर तो पाना वेल्डिंगचा रॉड होतो. काळी आधीच काढलेली असेल तर काहीच होत नाही. मोठ्या सेटवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ केलेले असतात. तिथे बॉडीला गेलेली काळी केबल शोधून ती काढा. दोन सेल्फ किंवा बॅटऱ्यांचे दोन संच असतील तर दोन्हीकडच्या. हातातली अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ खिशात. अंगठीतून शॉर्ट झालेलं बोट मी पाहिलंय, वर्णन करत नाही.

चार्जर मात्र त्याआधी बंद. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. बंद कॅनॉपीत (सेटभोवतीच्या पेटीत), चार्जर चालू असताना टर्मिनल ओढलं की ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशी पडते. चार्जर पाडा, कॅनॉपीची दारं उघडा, थोडा वारा खेळू द्या, मग पाना लावा. सीपीसीबी चारप्लस या धुराच्या नियमांतल्या नव्या सेटवर, ज्यांना धूर साफ करायला युरियाची टाकी असते, इंजिन थांबल्यावरही पंप लाइनमधला युरिया परत ओढत असतो. सेटच्या पुस्तिकेत दिलेला तेवढा वेळ थांबल्याशिवाय बॅटरी काढली तर लाइन चोंदते. हा सुरक्षिततेचा नाही, खिशाचा प्रश्न आहे, पण एकदा लाइन चोंदली की मालक पुन्हा कधी बॅटरी काढू देत नाही.

केबल काढून बाजूला लोंबत ठेवू नका, ती स्प्रिंगसारखी परत टर्मिनलला टेकते. मी टोकावर जुना रबरी हातमोजा चढवून दोरीने बांधतो. त्यापेक्षा चांगलं म्हणजे कुलपाचं भोक असलेला बॅटरी आयसोलेटर. तो बसवून घ्या म्हणून मी प्रत्येक मालकाच्या मागे लागतो, दहातले तीन ऐकतात.

केबल काढल्यावर पॅनलकडे बघायचं. कंट्रोलरचा डिस्प्ले अजून उजळलेला आहे? मग कुठूनतरी डीसी येतोय. नव्वद टक्के वेळा चार्जर, जो आपण चुकीचा एमसीबी पाडून "बंद" केलेला असतो. क्वचित कोणी यूपीएसवरून वेगळा पुरवठा दिलेला असतो. डिस्प्ले काळा झाला तरी एकदा मोठ्याने "स्टार्ट देतोय" म्हणून सगळ्यांना बाजूला करून हिरवं बटण दाबायचं. काही होणार नाही, हे माहीत असतं. तरी दाबायचं. ज्या दिवशी काही झालं त्या दिवशी कळेल का ते.

एक सोलेनॉइड उलट्या स्वभावाचा असतो. बहुतेक ठिकाणी करंट तुटला की डिझेल बंद. पण काही जुन्या मेकॅनिकल पंपांवर करंट दिला तर इंजिन थांबतं, म्हणजे बॅटरी काढल्यावर पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) चालू स्थितीतच राहते. अशा इंजिनावर स्टॉपचा दांडा हाताने ओढून तारेने बांधून ठेवा, मगच फ्लायव्हील फिरवायला घ्या.

टॅपेट सेट करताना हे सगळं दुपटीने लागू होतं. एक जण खाली फ्लायव्हीलला बार लावून बसलेला, दुसरा वर फिलर गेज घेऊन रॉकरमध्ये वाकलेला, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आमच्याकडे पद्धत आहे: खालचा विचारतो "फिरवू?", वरचा दोन्ही हात बाहेर काढून म्हणतो "फिरव." उत्तर आलं नाही तर फिरवायचं नाही, मग वरचा फोनवर बोलत असला तरी. आणि बार फ्लायव्हीलमध्ये अडकवून चहाला जायचं नाही. तो तसाच विसरून कोणी स्टार्ट दिला तर बार कुठे जाईल याचा नेम नाही.

इंजिन मेलं, तारा जिवंत

बॅटरी काढली म्हणजे सेट थंड पडला असं मेकॅनिकला वाटतं, कारण तो इंजिनाचा माणूस. सेटवर २३० व्होल्ट मात्र वेगळ्याच दारातून येतात. हॉस्पिटलात किंवा ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत सेटने सुरू होताच भार उचलावा लागतो, म्हणून तिथे कूलंट गरम ठेवणारा जॅकेट हीटर असतो. अल्टरनेटरमध्ये ओल धरू नये म्हणून आणखी एक हीटर. हे दोन्ही मेन्सवर चालतात आणि इंजिन उभं असतानाच चालू असतात. कूलंट काढलं आणि हीटर चालू राहिला तर एलिमेंट कोरडा जळतो. त्याच्या टर्मिनलला हात लागला तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून थर्मोस्टॅटने बंद झालेला दिसतोय यावर जाऊ नका, एमसीबी पाडा.

अल्टरनेटरचा डबा उघडायचा असेल तर डीजीचा ब्रेकर ऑफ करून कुलूप. पण चेंजओव्हरचा कॉन्टॅक्टर चिकटला असेल, किंवा शेजारच्या सेटबरोबर समांतर जोडणी असेल, तर करंट उलटा, लोडच्या बाजूने येतो. टेस्टर स्क्रूड्रायव्हरवर मी भरवसा ठेवत नाही. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग अल्टरनेटरच्या तिन्ही फेजवर आणि न्यूट्रलवर, मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. मीटरची वायर मधेच तुटली की तो सगळीकडे शून्य दाखवतो, आणि शून्य आपल्याला आवडतं.

वॉचमनचं काय चुकलं?

एका सोसायटीत मी सगळं करून, मोड स्टॉपवर ठेवून, गॅस्केट आणायला दहा मिनिटं गेलो. बॅटरी तेव्हा काढलेली नव्हती. जुनी गोष्ट आहे. परत येतो तर सिलेक्टर ऑटोवर. वॉचमनकाकांनी टाकला होता. विचारलं तर म्हणाले, "सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय, पॅनल ऑटोवर नसेल तर करत जा, लिफ्टमध्ये माणूस अडकतो." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तिथे "काम चालू आहे" असं सांगणारी एक चिठ्ठीही नव्हती.

तेव्हापासून पॅनलच्या दाराला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि एक पाटी: मराठीत आणि हिंदीत, माझं नाव, वेळ, "चालू करू नका, आत माणूस आहे". पाटी एकटी पुरत नाही, वाऱ्याने उडते. कुलूप एकटंही पुरत नाही, कारण कोणाचं ते कळत नाही म्हणून लोक तोडतात. दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. काम सुरू करायच्या आधी लिफ्ट खाली आणून बंद ठेवायची, पाण्याच्या पंपाची वेळ बघायची, हॉस्पिटल असेल तर भाड्याचा सेट उभा केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. लाइट गेल्यावर पाच जण येऊन "लवकर जोडा" म्हणत उभे राहिले की कुलूप काढायचा मोह मलाही होतो.

गार्डचं एक सांगतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये इंजिनाच्या प्रत्येक हलत्या भागाला आणि फ्लायव्हीलला भक्कम संरक्षण हवं असं म्हटलं होतं (२०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली). त्याच्याच कलम २२ मध्ये होतं: चालत्या यंत्राजवळ काम करायची वेळ आलीच, तर माणूस खास शिकलेला, नाव नोंदवहीत, अंगात घट्ट कपडे. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की शर्टाचं टोक आधी जातं, हात मागून.

गरम, दाब आणि बारीक फवारा

हे थोडक्यात, कारण "आपोआप सुरू" शी याचा संबंध नाही. पण इंजिन नुकतंच थांबलेलं असतं तेव्हाच हे होतं. रेडिएटरची टोपी: एक बार दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे आत ११० अंशांचं कूलंट शांत बसलेलं असतं आणि टोपी उघडताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. वरचा होज हाताला सोसेल इतका गार झाल्याशिवाय टोपीला हात नाही, आणि मग कापड धरून आधी अर्धाच आटा.

कॉमन रेल इंजिनावर (जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल जातं) जुन्या सवयीने इंजेक्टरचा नट ढिला करून "कुठला सिलिंडर मारतोय" बघू नका. आत दीड-दोन हजार बार दाब असू शकतो. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. तो फवारा कातडीतून आत जातो, बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि माणूस पट्टी लावून घरी जातो. घरी पाठवू नका. डिझेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगून लगेच सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या, त्याच तासात.

परत जोडताना

घाई इथेच होते, कारण साडेपाच वाजलेले असतात. ऑइल भरलं, डिपस्टिक बघितली, गार्ड बसवलं, अवजारं मोजली. मी पाने फडक्यावर ओळीने मांडतो, जागा रिकामी दिसली की शोधायचं. मग मोड स्टॉपवरच आहे का ते बघून लाल केबल घट्ट, काळी शेवटी, त्यानंतर चार्जर. पहिला स्टार्ट मॅन्युअलवर, हात इमर्जन्सीच्या बटणाजवळ. भार घेऊन बघितला, गळती नाही, मग कुलूप काढून ऑटो. मग मेन्सचा एमसीबी पाडून एकदा खरंच सुरू होतो का ते बघायचं, नाहीतर रात्री फोन येतो.

मालकांची एक तक्रार राहिलीच: "बॅटरी काढली की कंट्रोलरची सेटिंग उडते." उडत नाही. तास आणि सेटिंग मेमरीत राहतात. काही मॉडेलांत फक्त घड्याळ मागे पडतं. ते लावायला दोन मिनिटं लागतात, पण जायच्या आधी लावाच. नाहीतर सोमवारी सकाळी दहाला ठरवलेली टेस्ट भलत्याच वारी, भलत्याच वेळी लागेल, आणि तेव्हा कोणीतरी जाळी झाडत बसलेला असेल.